१.३ मिलिमीटरची खाच

इंदूरच्या रेल्वे स्थानकालगतचे सियागंज ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ बाहेरगावच्या माणसाला किराणा, मसाले आणि सुका मेवा यांच्यासाठी ठाऊक असते; परंतु याच पेठेत हार्डवेअरची जी दुकाने आहेत, त्यांतून विकले जाणारे नट-बोल्ट, वॉशर, सर्क्लिप, पत्रे आणि हत्यारे सांवेर रोड व पोलोग्राउंड येथील लहान कारखान्यांपासून धार जिल्ह्यातील पीथमपूरपर्यंतच्या यंत्रउद्योगाला लागतात, आणि त्यामुळे या बाजाराचा संबंध कारखान्यात तयार होणाऱ्या यांत्रिक आरेखनाशी, म्हणजेच ड्रॉइंगशी, रोजचा आणि निकटचा आहे. कारखानदार जे भाग स्वतः बनवतो आणि जे भाग बाजारातून तयार आणतो, ते एकमेकांत बसतील की नाही, हे कागदावरच्या आकड्यांवर ठरते. आणि हे आकडे जितके लहान, तितकी ते लिहिण्याची रीत अवघड होत जाते. पाचशे मिलिमीटर लांबीच्या पट्टीचे माप कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये विनासायास टाकता येते, पण १.३ मिलिमीटर रुंदीच्या खाचेचे माप त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच मूळ सेटिंगवर टाकले तर ते वाचता येत नाही, किंवा वाचता आले तरी खरे असेलच असे नाही. संगणकावरील आरेखनाच्या शिक्षणात या विषयाला मिळणारी जागा त्याच्या महत्त्वाच्या मानाने फार थोडी आहे.

मापरेषा म्हणजे वस्तूच्या दोन बिंदूंमधले अंतर दाखवणारी, दोन्ही टोकांना बाण असलेली बारीक रेषा होय. तिच्या दोन्ही बाजूंना वस्तूच्या कडांपासून बाहेर काढलेल्या रेषांना विस्ताररेषा म्हणतात, आणि मापरेषेवर लिहिलेला आकडा हा आरेखनातील अंतिम अधिकार असतो. चित्र कितीही काटेकोर असले तरी कारागिराने त्यावर पट्टी ठेवून माप घ्यायचे नसते, लिहिलेला आकडाच मानायचा असतो, हा सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. भारतात या रीतीचे प्रमाणीकरण भारतीय मानक ब्यूरोने केले असून, १९८६ चे आयएस ११६६९ हे मानक माप देण्याची सर्वसाधारण तत्त्वे सांगते, तर शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ साली निघालेली एसपी ४६ ही पुस्तिका अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या वर्गांत आधारभूत मानली जाते.

संगणक येण्यापूर्वी बाण किती मोठा काढायचा, आकडा आत बसवायचा की बाहेर, हा निर्णय आरेखकाच्या हाताचा होता. आरेखन ही स्वतंत्र कारागिरी आहे, हे मराठी उद्योगाच्या इतिहासात सुरुवातीपासून दिसते: किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना रंगचित्र सोडावे लागले, आणि त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात करून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवले. पुण्याच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक यांसारख्या कंपन्यांचे कारखाने १९८० च्या दशकात पीथमपूरला आले, तेव्हा आरेखन टेबलावर आणि टी-स्क्वेअरवरच होत होते. ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती १९८२ च्या डिसेंबरात निघाली असली तरी भारतातल्या लहान कारखान्यापर्यंत पोहोचायला तिला बराच काळ लागला. हाताने काढणारा आरेखक अरुंद जागा दिसताच बाण बाहेरून आत वळवत असे. आज तोच निर्णय सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आधीच घेऊन ठेवलेला असतो आणि तो बहुतेक वेळा मोठ्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला असतो.

एका साध्या भागावर हे स्पष्ट होते. २० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग सरकू नये म्हणून बाहेरून बसवायची सर्क्लिप, म्हणजे खाचेत अडकणारी लवचीक कडी, सियागंजच्या दुकानात शाफ्टच्या व्यासावरून मागितली जाते. या मापाच्या सर्क्लिपची जाडी १.२ मिलिमीटर असते. तिच्यासाठी शाफ्टवर लेथवर जी खाच काढावी लागते, तिचा तळाचा व्यास १९ मिलिमीटर, रुंदी १.३ मिलिमीटर आणि खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत उरणारी भिंत किमान १.५ मिलिमीटर असावी, असे सर्क्लिपचे डीआयएन ४७१ हे मानक सांगते. म्हणजे शाफ्टच्या टोकाशी अवघ्या २.८ मिलिमीटर लांबीत दोन मापे शेजारी-शेजारी द्यायची आहेत.

ऑटोकॅडमध्ये मेट्रिक पद्धतीसाठी जी आयएसओ-२५ नावाची शैली तयार मिळते, तिच्यात अक्षरांची उंची २.५ मिलिमीटर, बाणाची लांबीही २.५ मिलिमीटर, आणि आकड्याभोवती सोडायची मोकळी जागा ०.६२५ मिलिमीटर असते. दोन बाणांचेच पाच मिलिमीटर झाले. त्यांत आकड्याची रुंदी मिळवली की मापरेषेला आत मावण्यासाठी आठ-दहा मिलिमीटर जागा हवी, आणि येथे तर १.३ आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशेबाने आकडा किंवा बाण यांपैकी जे सोयीचे ते बाहेर ढकलते. एकटे माप असेल तर याने काम भागते, पण शेजारी दुसरे तितकेच लहान माप असेल तर बाहेर ढकललेला बाण शेजारच्या आकड्यावर चढतो, आणि १.३ कोणत्या अंतराचे आणि १.५ कोणत्याचे, हे लेथ चालवणाऱ्या टर्नरला अंदाजाने ठरवावे लागते.

या अडचणीवर पुष्कळ नवखे आरेखक जो उपाय करतात तो सर्वांत वाईट आहे, आणि तो म्हणजे बाण आणि अक्षरे आत मावेपर्यंत लहान करत नेणे. पडद्यावर चित्र हवे तितके मोठे करून पाहता येत असल्याने अर्ध्या मिलिमीटरचा बाण तेथे सुबक दिसतो, मात्र ए ४ कागदावर छापल्यावर त्याचा ठिपका होतो आणि आकडा भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाही. अक्षराची उंची कागदावर मोजायची असते, पडद्यावर नाही, आणि २.५ मिलिमीटरच्या खाली ती नेऊ नये, हा दंडक कारखान्यातला तेलकट हात आणि अपुरा उजेड लक्षात घेता सैल करण्यासारखा नाही.

मानकांनी यासाठी वेगळी वाट आधीच दाखवून ठेवली आहे. बाण विस्ताररेषांच्या बाहेरून आत रोखावेत. सलग लहान मापांच्या मालिकेत जेथे दोन बाण समोरासमोर येऊन एकमेकांवर चढतात, तेथे मधल्या विस्ताररेषेवर बाणांऐवजी भरीव ठिपका किंवा तिरकी छोटी रेघ द्यावी. आणि आकड्याला मापरेषेजवळ जागाच नसेल तर निर्देशरेषा, म्हणजे आकड्याकडे नेणारी बारीक तिरकी रेषा, काढून तो मोकळ्या जागेत लिहावा. वरील शाफ्टवर १.५ आणि १.३ यांच्या मधल्या सामाईक रेषेवर ठिपका आणि दोन्ही बाहेरच्या टोकांना आत रोखलेले बाण असे दिले की गोंधळ उरत नाही. ऑटोकॅडमध्ये मापरेषेच्या दोन टोकांना वेगवेगळी चिन्हे देता येतात, त्यामुळे हे करण्यासाठी दोन उपशैली तयार कराव्या लागतात, एकीचे उजवे टोक ठिपक्याचे आणि दुसरीचे डावे. हे काम एकदा करून साच्याच्या फायलीत साठवले की पुढे प्रत्येक आरेखनात ते आयते मिळते.

तरीही खाचेसारख्या भागासाठी खरा मार्ग मोठ्या केलेल्या तपशील-दृश्याचा आहे. मूळ दृश्यात खाचेभोवती वर्तुळ काढून त्याला अक्षर द्यावे आणि तोच भाग बाजूला ५:१ किंवा १०:१ या प्रमाणात पुन्हा काढून मापे तेथे लिहावीत, ही पद्धत मानकांना मान्य आहे. मोठे करण्यासाठी २, ५, १०, २० आणि ५० पट ही प्रमाणेच वापरावीत असेही ठरलेले आहे. १०:१ मध्ये १.३ मिलिमीटरची खाच कागदावर १३ मिलिमीटर होते आणि बाणांसह आकडा तीत आरामात मावतो. मात्र संगणकावर या पायरीलाच सर्वांत घातक चूक घडते. आरेखक खाचेची आकृती उचलून दहापट मोठी करतो, मापरेषा टाकतो, सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे १३ दाखवते, आणि मग तो आकड्यावर दोनदा टिचकी मारून १.३ असे हाताने लिहून टाकतो. त्या क्षणी आकडा आणि आकृती यांचा संबंध तुटतो. पुढे सर्क्लिप बदलली, खाच १.६ ची करायची ठरली आणि आकृती सुधारली तरी आकडा १.३ च राहतो, आणि तो हाताने लिहिलेला आहे हे कागदावर कोठेही दिसत नाही.

याला दोन योग्य पर्याय आहेत. मोठी केलेली आकृती ठेवायचीच असेल तर मापांना गुणक देणारा डिमएलफॅक हा घटक ०.१ करावा, म्हणजे सॉफ्टवेअर मोजलेल्या १३ ला दहाने भागून १.३ लिहील आणि आकृती बदलली की आकडाही बदलेल. याहून चांगला मार्ग असा की आकृती मोठी करूच नये. ती मूळ मापात एकदाच काढावी आणि कागदाच्या मांडणीत १०:१ प्रमाणाची खिडकी उघडून तिच्यातून तोच भाग पाहावा. ऑटोकॅडमध्ये डिमअसोक हा घटक २ असेल तर मापरेषा आकृतीच्या बिंदूंना बांधलेली राहते आणि कागदाच्या मांडणीत टाकलेली मापेसुद्धा खरीच उमटतात. खरी आकृती एकच असावी आणि बाकी सारी तिची दृश्ये असावीत, या शिस्तीचे मोल ज्या कारखान्यात एकाच भागाच्या चार आवृत्त्या फिरतात तेथे विशेष कळते.

सर्वांकडे ऑटोकॅड नसते. छापखान्यांत आणि लेझर कटिंगच्या कामात कोरलड्रॉ चालते, आणि पैसे वाचवण्यासाठी अनेक जण लिब्रेऑफिसचे मोफत ड्रॉ वापरतात. या सॉफ्टवेअरांत मापरेषेचे साधन आहे, पण त्यांचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. लिब्रेऑफिस ड्रॉ प्रत्येक बिंदूची जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, पूर्णांकात साठवते; त्यामुळे ०.०१ मिलिमीटरहून बारीक अंतर त्याच्यात अस्तित्वातच नसते. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या डायमध्ये वापरली जाणारी दोन पॉइंटची पोलादी पट्टी ०.७१ मिलिमीटर जाडीची असते. तिचा मध्य ०.३५५ वर येतो, आणि तो ड्रॉमध्ये ०.३५ किंवा ०.३६ असाच बसू शकतो. मापरेषेच्या चौकटीत दशांश स्थळे चार केली तरी ही मर्यादा ओलांडली जात नाही, केवळ शेवटी शून्ये वाढतात. असे बारीक काम ड्रॉमध्ये करायचेच असेल तर आकृती सुरुवातीपासून दहापट काढून सॉफ्टवेअरच्या पर्यायांत आरेखनाचे प्रमाण तसे ठरवावे, म्हणजे मापरेषा खरे अंतर दाखवते. ड्रॉ सर्व मापरेषा एका वेगळ्या थरावर ठेवते. तो थर चुकून अदृश्य झाला की मापे गायब होतात, हेही लक्षात ठेवावे.

कोरलड्रॉमध्ये मापरेषा गतिमान ठेवण्याचा पर्याय असतो, ज्यामुळे आकृती बदलली की आकडा बदलतो. तो बंद केला की आकडा साधा मजकूर होतो आणि वर सांगितलेली हाताने लिहिण्याची चूक येथेही शिरते. चित्रप्रधान सॉफ्टवेअरांत आणखी एक प्रश्न रेषेच्या जाडीचा आहे. त्यांत रेषेची जाडी तिच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते, त्यामुळे ०.५ मिलिमीटर जाडीच्या दोन रेषांनी दाखवलेली १.३ मिलिमीटरची फट डोळ्यांना ०.८ मिलिमीटरचीच दिसते. मापरेषा मध्यबिंदूला चिकटवली तर १.३ येते, दृश्य कडेला चिकटवली तर ०.८, आणि दोन्ही वेळा सॉफ्टवेअरचे उत्तर त्याच्या परीने बरोबर असते. मोठ्या मापात हा अर्धा मिलिमीटर नजरेआड होतो, लहान मापात तोच निम्म्याच्या घरात जातो. म्हणून बारीक भाग काढताना रेषा जवळजवळ शून्य जाडीची ठेवावी, मापरेषा नेहमी बिंदूंना चिकटेल अशी सेटिंग करावी, आणि जाडी छपाईच्या वेळी द्यावी.

आकड्याच्या पूर्णांकनाचा प्रश्न याहून खोल आहे, कारण तो अजिबात दिसत नाही. दशांश स्थळे शून्य ठेवलेल्या आरेखनात १.३ ची खाच आणि १.२ ची सर्क्लिप या दोन्हींचे माप १ असे उमटते. एक स्थळ ठेवले तर ०.७१ चे ०.७ होते. मापे साखळीने दिलेली असली तर ही छोटी फसवणूक साठत जाते. इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या पिनांमधले नेहमीचे अंतर एक इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर असते. दहा पिनांच्या ओळीत अशी नऊ अंतरे असून त्यांची बेरीज २२.८६ होते, पण प्रत्येक अंतर २.५ असे छापले गेले तर ती २२.५ येते आणि त्या ड्रॉइंगवरून भोके पाडलेल्या पत्र्यात शेवटची पिन शिरत नाही. अशा ओळींची मापे एकाच आधाररेषेपासून द्यावीत, हा नियम लहान मापांत काटेकोरपणे पाळायला हवा. नेमक्या अर्ध्यावर येणाऱ्या आकड्याचे काय करायचे, याबद्दलही एकमत नाही: शालेय रीतीने १.२५ चे १.३ होते, तर आयएस २ या भारतीय मानकाप्रमाणे ते जवळच्या सम अंकाकडे, म्हणजे १.२ कडे जाते. सॉफ्टवेअर काय करेल यावर हा निर्णय सोपवण्यापेक्षा आवश्यक तेवढी स्थळे दाखवावीत, हे उत्तम.

सियागंजच्या व्यवहारात पूर्णांकनाला आणखी एक पदर आहे, कारण तेथे मापाच्या तीन पद्धती एकत्र नांदतात. सळी आणि बोल्ट आजही सुतात मागितले जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. पत्रा गेजमध्ये मागितला जातो, आणि गेजचा अंक वाढला की जाडी घटते: ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजप्रमाणे १८ गेज म्हणजे सुमारे १.२२ मिलिमीटर आणि २० गेज म्हणजे सुमारे ०.९१. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि कारखान्याचे ड्रॉइंग आता मिलिमीटरमध्येच असते, पण दुकानाच्या गल्ल्यावरची बोली बदललेली नाही, आणि ती बदलण्याची घाई करण्याचे कारणही नाही. आरेखकाने मात्र तीन सुताला साडेनऊ लिहायचे की ९.५२५, हे त्या भागाच्या उपयोगावरून ठरवले पाहिजे. भिंतीत ठोकायच्या सळीला साडेनऊ पुरते, भोकात घट्ट बसायच्या पिनेला पुरत नाही.

येथून टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याच्या मर्यादेचा विचार सुरू होतो, आणि लहान मापाची अचूकता खऱ्या अर्थाने येथेच ठरते. आकड्याजवळ मर्यादा लिहिलेली नसेल तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नमूद केलेली सर्वसाधारण मर्यादा लागू होते. आयएसओ २७६८ च्या मध्यम श्रेणीत ०.५ ते ६ मिलिमीटरच्या मापांना ०.१ मिलिमीटर कमी-अधिक चालते. १.३ ची खाच या नियमाने १.२ ची निघाली तरी ती नापास करता येत नाही, आणि सर्क्लिपची जाडी मानकाप्रमाणे १.२ पर्यंत असू शकते. म्हणजे ड्रॉइंग बरोबर, टर्नर बरोबर, दुकानदाराचा माल बरोबर, आणि तरी सर्क्लिप खाचेत बसताना अडते. सर्क्लिपचे मानक या खाचेला एच १३ ही मर्यादा देते, जिच्यात खाच १.३ पेक्षा कमी होऊच शकत नाही आणि जास्तीत जास्त १.४४ पर्यंत जाऊ शकते. सर्क्लिपला १.२ च्या वर जाण्याची मुभा नाही, खाली ०.०६ इतकी आहे. त्यामुळे आरेखनात केवळ १.३ न लिहिता १.३ अधिक ०.१४, उणे ० असे लिहिणे अपरिहार्य ठरते. ०.५ मिलिमीटरहून लहान मापांना तर सर्वसाधारण मर्यादा लागूच होत नाही. तेथे ती आकड्याजवळ स्वतंत्रपणे द्यावीच लागते. पुष्कळ ड्रॉइंगवर ०.३ किंवा ०.४ असे उघडे आकडे असतात, आणि त्यांचा निश्चित अर्थ कोणालाच सांगता येत नाही.

मर्यादा लिहिल्यावर अरुंद जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण आता एका आकड्याऐवजी तीन आकडे बसवायचे असतात. तपशील-दृश्याचा आग्रह एवढ्यासाठीच धरावा लागतो. त्याचबरोबर मागितलेली अचूकता कारखान्यात मोजता येते का, हेही पाहिले पाहिजे. पोलादी पट्टीचे लघुतम माप अर्धा मिलिमीटर, नेहमीच्या व्हर्नियरचे ०.०२ आणि मायक्रोमीटरचे ०.०१ असते, शिवाय १.३ मिलिमीटरच्या खाचेत व्हर्नियरचे जबडे नीट शिरत नाहीत; म्हणून तेथे १.३० आणि १.४४ जाडीच्या दोन पट्ट्या करून पहिली शिरते आणि दुसरी शिरत नाही, अशी तपासणी अधिक भरवशाची ठरते.

अलीकडे ड्रॉइंग कागदावरून कमी आणि मोबाइलवरून अधिक फिरते. कारखान्यातून पीडीएफ किंवा कागदाचा फोटो पाठवला जातो आणि गल्ल्यावर तो हाताच्या पंज्याएवढ्या पडद्यावर वाचला जातो. अशा वाचनात दशांशचिन्ह आधी सांभाळावे लागते: ऑटोकॅडच्या आयएसओ-२५ शैलीत दशांशासाठी स्वल्पविराम असतो, कारण युरोपात तीच रीत आहे. भारतीय वाचकाला १,३ हे दोन आकडे वाटू शकतात, म्हणून तेथे टिंब निवडणे ही पहिली दुरुस्ती करावी. सुरुवातीचे शून्य गाळण्याची सोय कायम बंद ठेवावी, कारण .५ मधले टिंब फोटोत पुसट झाले तर तो सरळ ५ होतो आणि ०.५ मधले पुसट झाले तरी पुढचे शून्य वाचणाऱ्याला थांबवते. शेवटची शून्ये आयएसओ-२५ शैली आपणहून गाळते; १.३० आणि १.४४ या मर्यादा एकाखाली एक लिहायच्या असतील तर तेही बंद करावे, म्हणजे दोन्हींची टिंबे एका ओळीत येतात. छपाईच्या खिडकीत पानात बसवा हा पर्याय निवडलेला असला की प्रमाण बिघडते, आकडे तेच राहतात पण अक्षरांची उंची घटते. म्हणून ड्रॉइंगच्या कडेला ५० मिलिमीटरची एक पट्टी काढून ठेवावी, आणि छापलेल्या कागदावर ती आधी मोजून मगच ते ड्रॉइंग लेथवर पाठवावे.